भूल उतरल्यावर औषध जाते कुठे?

शस्त्रक्रियेची तारीख ठरल्यावर माझ्याकडे येणारी माणसे आजाराविषयी कमी आणि भुलीविषयी जास्त बोलतात. "मॅडम, ते औषध अंगात राहतं का? लिव्हर, किडनी खराब करतं का?" हा प्रश्न मी टिळक रस्त्यावरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत इतक्या वेळा ऐकला आहे की एका भूलतज्ज्ञ स्नेह्यांकडून हा विषय मी मुळापासून समजून घेतला. कर्वेनगरच्या सुनंदाताईंची (नाव बदलले आहे) हकिगत त्यासाठीच लिहीत आहे.

सुनंदाताई ५७ वर्षांच्या होत्या. पित्ताशयातले खडे दुर्बिणीतून काढायचे होते, पण आधी गौरी-गणपती, मग पितृपक्ष, मग नातवाची परीक्षा, अशी तीन वेळा तारीख पुढे गेली होती. अखेर मुलगी त्यांना माझ्याकडे घेऊन आली. पहिल्या दोन भेटींत त्यांची एकच मागणी होती: "मला काहीही होणार नाही, असं कोणीतरी शंभर टक्के सांगा." विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर, म्हणजे मनातल्या हट्टी समजुती तपासून बदलण्याच्या पद्धतीवर, माझा विश्वास असल्यामुळे मी ती हमी दिली नाही. अशी हमी हवीच, हा हट्टच माणसाची झोप उडवतो, असे मी मानते. सुनंदाताईंना ते पटत होते, तरी भीती तसूभरही कमी होत नव्हती.

तिसऱ्या भेटीत मी विचारले, "भुलीविषयी वाईट असं तुम्ही पहिल्यांदा कोणाकडून ऐकलंत?"

सोनोग्राफीच्या फाईलची दोरी सोडत-बांधत त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "वडिलांकडून. १९७९ साली. मी बारा वर्षांची होते. आईचं ऑपरेशन झालं आणि तीन आठवड्यांत पुन्हा करावं लागलं. दुसऱ्या खेपेनंतर ताप आला, डोळे पिवळे झाले आणि ती गेली. वडील आयुष्यभर एकच वाक्य म्हणायचे, भुलीनं तिचं लिव्हर खाल्लं."

"हे तुम्ही डॉक्टरांना सांगितलंत?"

"नाही. हसतील. नाहीतर ऑपरेशनच नाकारतील."

या उत्तरापाशी मी थांबले. घरच्यांनी आजवर त्यांना "मनात काही आणू नकोस" एवढेच सांगितले होते. त्यांच्या भीतीला खरा पाया असू शकतो, असे कोणीच म्हटले नव्हते. मी ते म्हटले, आणि तिथेच गाठ सुटली. त्या काळी आपल्याकडे हॅलोथेन हे हुंगवण्याचे औषध सर्रास वापरले जाई. त्याचा सुमारे २० टक्के भाग यकृतात विघटित होतो आणि त्यातून निघालेला एक तुकडा यकृताच्याच प्रथिनांना चिकटतो. क्वचित एखाद्याचे शरीर त्या प्रथिनांना परके समजते आणि थोड्या दिवसांत तेच औषध पुन्हा मिळाले, तर यकृतावर हल्ला चढवते. साठच्या दशकात अमेरिकेत झालेल्या मोठ्या पाहणीत असा जीवघेणा प्रकार सुमारे ३५ हजारांत एकाला आढळला होता. त्यांच्या आईला नेमके हेच झाले होते का, हे आज कोणीच सिद्ध करू शकत नाही, कारण एकही कागद उरलेला नाही. पण वडिलांचे वाक्य वेडेपणाचे नव्हते. हे ऐकताना सुनंदाताई रडल्या, आणि मी त्यांना रडू दिले.

मग मी त्यांना खिडकीपाशी नेले आणि काचेवर श्वास सोडायला सांगितले. काचेवर धुके धरले आणि पाहता पाहता विरले. "हुंगलेलं औषध बहुतांशी असंच जातं," मी म्हणाले, "ज्या वाटेनं आलं त्याच वाटेनं." पुढची औषधे शोधताना, यकृताला ती कमीत कमी फोडावी लागावीत, हे शहाणपण हळूहळू वाढत गेले. आयसोफ्लुरेनचे विघटन सुमारे ०.२ टक्के होते, डेसफ्लुरेनचे जेमतेम ०.०२ टक्के. सेव्होफ्लुरेनचे २ ते ५ टक्के होते, पण त्यातून तो चिकटणारा तुकडा तयार होत नाही. विघटनातून जे उरते त्याला यकृत दुसऱ्या रेणूशी बांधते आणि ते लघवीवाटे बाहेर पडते. किडनीविषयीची भीतीही अशीच जुनी आहे. १९६० च्या सुमारास आलेल्या मेथॉक्सिफ्लुरेनचा निम्म्याहून अधिक भाग शरीरात फुटत असे आणि त्यातल्या फ्लुराइडने किडनीला इजा होई, म्हणून भुलीसाठी त्याचा वापर थांबला.

"पण आईचं माझ्यात आलं असेल तर?" हा त्यांचा शेवटचा प्रश्न होता. औषधाला परके मानण्याची ती आठवण आईच्या शरीरात तयार झाली असलीच, तरी ती रक्तातून लेकीकडे येत नाही, असे मी सांगितले. तरीही ही हकिगत भूलतज्ज्ञांना सांगायलाच हवी, असा आग्रह धरला. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते. पूर्वी भुलीनंतर कावीळ झाली असेल, रक्ताच्या नात्यात कोणाला भुलीखाली अचानक तीव्र ताप चढला असेल, क्षयाची औषधे किंवा नियमित मद्यपान चालू असेल, तर काहीही लपवू नये. वर्षानुवर्षे शुद्ध शाकाहारी असणाऱ्यांनी बी-१२ ची कमतरता असल्यास तीही सांगावी, कारण भुलीत वापरला जाणारा नायट्रस ऑक्साइड हा वायू ते जीवनसत्त्व निकामी करतो आणि आधीच कमी असेल तर नसांना त्रास होऊ शकतो. लोक हसतील या भीतीने गप्प बसलेला रुग्ण भूलतज्ज्ञांचे काम अवघड करतो.

सुनंदाताईंनी माझ्यासमोर बसून अर्धे पान लिहिले: आईचे वय, दोन शस्त्रक्रियांमधले अंतर, ताप, कावीळ. भूलतज्ज्ञांनी ते दोनदा वाचले, आणखी चार प्रश्न विचारले, यकृताच्या तपासण्या पाहिल्या आणि ते पान केसपेपरला जोडून घेतले. कोणीही हसले नाही.

शस्त्रक्रियेनंतर आठवड्याने त्या भेटायला आल्या, तेव्हा हातात डिस्चार्ज कार्ड होते. भुलीसाठी वापरलेल्या प्रत्येक औषधाचे नाव त्यांनी डॉक्टरांकडून त्यावर मागून लिहून घेतले होते. "आईचं असं काहीच नव्हतं," त्या म्हणाल्या, "माझ्या लेकीकडे असू दे." मग त्यांनी माझ्याकडे झेरॉक्सचे दुकान जवळ कुठे आहे ते विचारले.