शूटिंग आणि लाइव्ह स्ट्रीमिंग दोन्हींसाठी कमी बजेटमध्ये फील्ड मॉनिटर (कॅमेऱ्याला जोडायची छोटी स्क्रीन) घ्यायचा आहे, काय बघावं?

सगळ्यात आधी ब्राइटनेस बघा, ब्रँड नंतर. घरात ४००-५०० निट्स (ब्राइटनेस मोजायचं एकक) पुरतात, पण उन्हात त्याच स्क्रीनवर स्वतःचं प्रतिबिंब दिसतं. बाहेर शूट करणार असाल तर १००० निट्सच्या खाली उतरू नका. सनहूडने, म्हणजे स्क्रीनवर सावली धरणाऱ्या आडोशाने, थोडंफारच भागतं.

‘फोर-के सपोर्ट’ या शब्दांना भुलू नका. बहुतेकदा अर्थ एवढाच, की मॉनिटर फोर-के सिग्नल घेतो. पॅनेल १९२० × १०८० चंच असतं. साडेपाच इंचाला तेवढं भरपूर आहे.

फोकस पीकिंग (फोकसमधल्या कडा रंगाने उठून दिसणं) आणि फॉल्स कलर (कुठे उजेड जास्त, कुठे कमी हे रंगांनी दिसणं) हवंच. लॉगमध्ये (फिक्या, कमी कॉन्ट्रास्टच्या प्रोफाइलमध्ये) शूट करत असाल तर एलयूटी (ते फिकं चित्र नेहमीच्या रंगांत दाखवणारी फाइल) लोड करायची सोयही.

स्ट्रीमिंगसाठी मात्र एचडीएमआय लूप-आउट असलेलाच घ्या. कॅमेऱ्याचा सिग्नल मॉनिटरमधूनच पुढे कॅप्चर कार्डला (व्हिडिओ कॉम्प्युटरमध्ये घेणाऱ्या उपकरणाला) जातो, वेगळा स्प्लिटर लागत नाही. कॅमेरा क्लीन एचडीएमआय देतो ना, हे खरेदीआधीच तपासा, नाहीतर शटर-आयएसओचे आकडे प्रेक्षकांनाही दिसत राहतील.

बॅटरी एनपी-एफ प्रकारची बसणारी असावी, ती सहज मिळते. आणि कॅमेऱ्याला मायक्रो एचडीएमआय पोर्ट असेल तर केबल क्लॅम्प (केबल घट्ट धरून ठेवणारी पकड) नक्की लावा. तो पोर्ट फार नाजूक असतो.