सहा टँकचं पाणी: आधी ड्रम आणा, टँक विकायचं नंतर बघू

तुम्ही लिहिलंय की पुण्यात धायरीच्या फ्लॅटमध्ये तीन वर्षांत माशांच्या एका टँकचे सहा टँक झाले. रविवारी सकाळी आठला बादल्या सुरू होतात त्या दुपारी दोनला थांबतात, पाठ धरते, हॉलभर पाणी सांडतं, घरचे वैतागलेत. त्यात गोल्डफिशच्या टँकचं पाणी चार महिने बदललेलंच नाही. 'दोन टँक विकून टाकू का?' असा तुमचा प्रश्न आहे.

माझं मत विचाराल तर आत्ता विकू नका. मी कर्वेनगरला राहते, २००३ पासून मासे पाळते, आज घरात नऊ टँक आहेत, आणि आठवड्यातल्या कुठल्याही एका दिवशी मला या कामाला पाऊण तासाच्या वर लागत नाही. पहिली काही वर्षं माझेही रविवार असेच जायचे. वेळ कशात जातो हे एकदा कागदावर मांडलं तेव्हा डोळे उघडले. तुमचंच मांडून बघू.

टँकची लांबी, रुंदी, उंची फुटात घेऊन गुणाकार करा आणि त्याला २८ ने गुणा, साधारण तेवढे लिटर पाणी. दोन बाय एक बाय एकचा टँक ५६ लिटरचा, तुमचा फ्लॉवरहॉर्न माशाचा तीन फुटी टँक धरा १३०. असे पाच लहान आणि एक मोठा मिळून ४१० लिटर. त्यातलं ३० टक्के बदलायचं म्हणजे १२३ लिटर. पंधरा लिटरच्या बादलीने आठ खेपा बाहेर आणि आठ खेपा आत. एक लिटर म्हणजे एक किलो, म्हणजे दर रविवारी तुम्ही जवळजवळ अडीच क्विंटल वजन बाथरूम ते हॉल वाहता. दोन टँक काढले तरी दीड क्विंटलच्या पुढे राहतंच. म्हणून आधी वाहणं बंद करू.

दोनशे लिटरचा निळा ड्रम आणा. जुना घेत असाल तर आधी त्यात काय होतं ते विचारा. खाद्यतेलाचा किंवा फळांच्या गराचा चालेल, केमिकलचा कितीही धुतला तरी नको. भरल्यावर तो दोनशे किलोच्या वर जातो, तेव्हा बाल्कनीच्या कठड्याकडे ठेवू नका, आत भिंतीला लागून ठेवा. त्यात एक एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) चोवीस तास चालू ठेवा आणि तळाशी एक सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात बुडवून चालणारा, पंप सोडा. पंप घेताना खोक्यावर पाणी किती उंच चढवतो ते वाचा. तुमचा वरच्या रॅकवरचा टँक साडेपाच फुटांवर असेल तर दोन मीटरच्या खालचा पंप घेऊन उपयोग नाही. पंपाला अर्ध्या इंचाची जाळीवाली नळी, नळीच्या टोकाला बॉल व्हॉल्व्ह, आणि त्यापुढे दोन एल्बो (काटकोनी जोड) लावून छत्रीच्या मुठीसारखा आकडा करा. तो टँकच्या काठावर अडकतो, हात मोकळे राहतात. हे सगळं सामान बोहरी आळीत एका फेरीत मिळेल.

आकड्याचं तोंड मात्र पाण्यात बुडू देऊ नका, पृष्ठभागाच्या वर ठेवा. तोंड बुडालेलं असताना पंप बंद केलात तर सायफन उलटा लागतो आणि टँकमधलं पाणी ड्रममध्ये उतरतं. त्या टँकमध्ये व्हाइट स्पॉट (अंगावर पांढरे ठिपके उठणारा माशांचा संसर्गजन्य रोग) असेल तर तो मग सहाही टँकना जातो. माझ्याकडे एकदा गेला आहे.

आता ड्रम भरायचा कधी, हे पुण्यात राहणाऱ्याने नीट ठरवायला हवं. आपल्याकडे देखभाल-दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचं तर बहुतेक वेळा तो गुरुवार असतो, आणि शुक्रवारी सकाळी उशिरा, कमी दाबाने पाणी येतं. रिकाम्या पाइपात पाणी पुन्हा सुटतं तेव्हा साठलेला गाळ, गंज सगळं सोबत येतं. म्हणून मी बुधवारी संध्याकाळपर्यंत ड्रम भरून ठेवते आणि शुक्रवारी त्यात थेंबही घेत नाही. पावसाळ्यात खडकवासला धरणाचं पाणी गढूळ झालं की क्लोरीनही जास्त पडतं, तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये नाकाला वास आला नाही तरी क्लोरीन मारायचं औषध (ते पुढे सांगते) घालायचंच. उन्हाळ्यात ड्रम भल्या पहाटे भरा; मे महिन्यातल्या दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं. जानेवारीत उलटं, पहाटेचं पाणी बोटं बधिर करतं. ड्रम घरात रात्रभर राहिला की दोन्ही प्रश्न आपोआप मिटतात.

धायरीत उन्हाळ्यात टँकर येतो असं तुम्ही लिहिलंय, त्याकडे विशेष लक्ष द्या. धरणाचं पाणी हे सह्याद्रीतलं पावसाचं पाणी, त्यात क्षार कमी. माझ्या मीटरवर नळाच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, पीपीएममध्ये) शंभरच्या आतबाहेर येतो. टँकरचं पाणी बहुधा बोअरचं असतं, तिथे पाचशे, सातशे काहीही निघू शकतं. गप्पी आणि गोल्डफिशना जड पाणी चालतं, आवडतंसुद्धा, पण एंजलफिशना आणि तुमच्या श्रिम्पना (छोट्या कोळंब्यांना) अचानक बदल सोसत नाही. श्रिम्प कात टाकायच्या वेळी अडकून मरतात. टीडीएस मीटर घ्या आणि प्रत्येक वेळी ड्रममध्ये बुडवून बघा. आकडा नेहमीपेक्षा खूप वेगळा आला तर त्या आठवड्यात १० टक्केच बदला. बोअरच्या पाण्यात प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो, त्यामुळे ते एक दिवस हवा मारल्याशिवाय कधीच घालू नका.

क्लोरीनबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, त्याला कारण आहे. २०११ च्या मे महिन्यात मी एंजलची पिल्लं वाढवत होते. सोर्ड प्लँट या पाणवनस्पतीच्या पानावर मादीने रांगेने अंडी घातली होती, नर-मादी दोघं आळीपाळीने परांनी त्यांना वारा घालत होते. मी ऑफिसातून आल्यावर चहा हातात घेऊन तिथेच बसायचे. त्यातली चौदा पिल्लं रुपयाच्या नाण्याएवढी झाली होती. त्या संध्याकाळी घाईत होते म्हणून थेट नळाला नळी लावून टँक भरला. पाच मिनिटांत सगळी पिल्लं वर आली, पर अंगाला चिकटलेले, कल्ले भराभर उघडमीट करताहेत. हात पाण्यात घातला आणि बोटांना जलतरण तलावाचा वास आला. दुपारी सोसायटीची टाकी धुऊन ब्लीचिंग पावडर टाकली होती, आणि कुणाला कळवलं नव्हतं. अकरा पिल्लं रात्रीत गेली, तीन वाचली. नोटीस लावायला हवी होती हे खरंच, पण त्या दिवसापासून नळाचं पाणी थेट टँकमध्ये सोडणं मी कायमचं बंद केलं, आणि तुम्हीही करा.

उपाय स्वस्त आहे. सोडियम थायोसल्फेटचे खडे आणा. शंभर ग्रॅम खडे एक लिटर पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवा. त्यातलं १० मिली १०० लिटर पाण्याला, पावसाळ्यात २० मिली. दुकानात नुसतं 'हायपो' म्हणून मागू नका. थायोसल्फेटलाही हायपो म्हणतात आणि फरशी पुसायच्या सोडियम हायपोक्लोराइटलाही हायपोच म्हणतात. दुसरं म्हणजे साक्षात क्लोरीन. पूर्ण नाव घ्या, पाकिटावर वाचा, आणि बाटलीवर मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावा. शंका असेल तेव्हा ऑर्थोटोलिडीनचे थेंब आहेतच, जलतरण तलावासाठी मिळतात: पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे.

पाणी काढायचं तेही नळीनेच. टँक स्टँडवर आहेत, बाथरूमची मोरी खाली आहे, उतार आयता मिळतो. सायफनच्या तोंडाला नायलॉनच्या जुन्या मोज्याचा तुकडा बांधा म्हणजे पिल्लं ओढली जात नाहीत. सुरू करण्याआधी हीटरचं बटण बंद करा. पाणी खाली गेलं आणि तापलेली काच उघडी पडली की तडकते. निघालेलं पाणी मी तीन बादल्या भरून कुंड्यांना घालते, मोगरा आणि कढीपत्ता त्यावरच पोसलेत. मीठ किंवा आजाराचं औषध घातलेल्या टँकचं पाणी मात्र मोरीतच सोडायचं.

आणि रविवार सोडून द्या. मंगळवारी दोन, बुधवारी दोन, शनिवारी दोन, एवढं पुरे. नळी पसरलीच आहे तर दोन टँक पंचवीस मिनिटांत होतात. मंगळवार-बुधवार मिळून ड्रममधून साठ-सत्तर लिटर गेलं तर बुधवारी संध्याकाळी ड्रम पुन्हा भरून झाकून ठेवा, शनिवारपर्यंत पाणी मस्त मुरतं. बुधवारचे टँक भरून झाल्यावरच ड्रम भरायचा, आधी नाही. श्रिम्पपासून सुरुवात करा आणि आजारी किंवा नवीन माशांचा टँक सगळ्यात शेवटी घ्या. त्याचं जाळं आणि सायफन वेगळा, दुसऱ्या रंगाचा. कुठल्या टँकचं काय केलं ते कालनिर्णयच्या चौकोनात लिहा, दुधाचा हिशोब लिहितो तसं. 'त३०' म्हणजे तीन नंबरचं तीस टक्के पाणी, 'फि' म्हणजे फिल्टर धुतला. महिन्याने त्या पानाकडे नुसतं बघितलं तरी कुठला टँक मागे पडतोय ते कळतं.

किती टक्के बदलायचं याचं एक साधं गणित आहे. आठवड्यात नायट्रेट (माशांच्या घाणीतून शेवटी पाण्यात साठणारा क्षार) समजा १० पीपीएमने वाढतं आणि तुम्ही दर आठवड्याला २५ टक्के पाणी बदलता, तर काही महिन्यांनी बदलण्याआधीचा आकडा ४० वर जाऊन स्थिरावतो. ५० टक्के बदललंत तर २० वर. वाढीला बदलाच्या प्रमाणाने भागायचं, एवढंच. गप्पींना ४० चालून जातं, एंजलना मी २० च्या वर जाऊ देत नाही. पण हीच वाढ १० वरून ५ वर आणली तर तेवढ्याच पाण्यात आकडा निम्मा होतो, आणि वाढ कशाने होते तर खाण्याने. तुम्ही दिवसातून तीनदा खायला घालता. मोठ्या माशांना एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढं घाला, आठवड्यात एक दिवस उपास. गप्पींची मादी महिन्याला विते आणि एकदा नराजवळ राहिली की पुढचे काही महिने नराशिवायही पिल्लं देत राहते, त्यामुळे आत्ता वेगळं केलंत तरी गर्दी लगेच थांबणार नाही, पण करा. एका टँकमध्ये फक्त नर, दुसऱ्यात फक्त माद्या. जास्तीची पिल्लं दुकानदाराला किंवा मित्रांना द्या, नदीत किंवा पाषाण तलावात सोडू नका.

फिल्टरचं थोडक्यात. प्रत्येक टँकला दोन स्पंज फिल्टर ठेवा आणि एका वेळी एकच धुवा, तोही टँकमधून काढलेल्या पाण्यात पिळून. नळाखाली धुतलात तर माशांच्या घाणीतून होणाऱ्या विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू क्लोरीनने मरतात. ज्या दिवशी खडी ढवळून सायफन केला त्या दिवशी फिल्टरला हात लावायचा नाही.

गावी जाताना शेजाऱ्यांना डबा देऊन जाऊ नका. गणपतीला आम्ही सात दिवस कोकणात असतो, निघायच्या दोन दिवस आधी पाणी बदलते आणि काहीही न घालता जाते. धडधाकट मोठे मासे आठवडाभर सहज राहतात. प्रेमाने मूठभर टाकलेलं खाणं मात्र दोन दिवसांत पाणी नासवतं.

आता तो चार महिन्यांचा गोल्डफिशचा टँक. येत्या सुट्टीत तो रिकामा करून धुऊन काढायचा बेत आहे म्हणताय, तो कृपा करून रद्द करा. इतके दिवस पाणी न बदललेल्या टँकमध्ये क्षारांचा आधार संपत जातो आणि पीएच (पाणी किती आम्ल ते दाखवणारा आकडा; कमी म्हणजे जास्त आम्ल) हळूहळू उतरतो. उतरलेल्या पीएचमध्ये जिवाणू मंदावतात, अमोनिया साठतो, पण आम्ल पाण्यात तो बहुतेक अमोनियमच्या रूपात असतो आणि माशांना फारसा बाधत नाही. म्हणूनच मासे ठीक दिसताहेत. अशा टँकमध्ये एकदम अर्धं ताजं पाणी घातलं की पीएच वर उडी मारतो, आणि पीएच एका अंकाने वाढला की विषारी अमोनियाचा वाटा जवळपास दहापट होतो. मासे मग दुसऱ्या दिवशी सकाळी तळाशी सापडतात आणि आपण नव्या पाण्याला दोष देतो.

आधी पीएच, अमोनिया आणि नायट्रेट मोजा. मग ड्रममधलं पाणी घेऊन एक दिवसाआड १० टक्के बदला, नळीचा व्हॉल्व्ह अगदी थोडा उघडून, अर्ध्या तासात बारीक धारेने. खाणं दोन दिवसांतून एकदा. दुसरा एअरस्टोन सोडा. खडी एकदम ढवळू नका. दर वेळी एक कोपरा, वीतभर जागा. पाणी चढवत असताना माशांचे कल्ले बघत राहा, वेग वाढला तर तिथेच थांबा. चार-पाच बदलांनंतर ड्रमचा आणि टँकचा पीएच जवळ आला की मग २५ टक्क्यांवर जा. आज मोजलेले तिन्ही आकडे इथे लिहा, म्हणजे १० टक्के बरोबर आहे की ५ पासून सुरुवात करायची ते सांगते.