त्यानं जीव दिला, की त्याला जीव नकोसा झाला?

प्रश्न : माझा १६ वर्षांचा मुलगा सतत लिंकिन पार्क या अमेरिकन रॉक बँडची गाणी ऐकतो. परवा जेवताना त्या बँडचा गायक चेस्टर बेनिंग्टन, ज्यानं आत्महत्या केली, त्याचा विषय निघाला. मी म्हणालो, "सहा मुलं मागं टाकून गेला, पळपुटा." मुलगा म्हणाला, "तो आजारी होता. त्याच्या हातात काही नव्हतं," आणि ताटावरून उठला. कोणाचं बरोबर? – एक वडील

उत्तर : तुमच्या घरातलं हे भांडण जुलै २०१७ मध्ये जगभर झालं. बेनिंग्टन २० जुलैला गेला, वयाच्या ४१ व्या वर्षी. त्याचा जिवलग मित्र, गायक ख्रिस कॉर्नेल, दोनच महिन्यांपूर्वी असाच गेला होता. २० जुलै हा कॉर्नेलचा वाढदिवस. कॉर्न बँडच्या ब्रायन वेल्चनं रागाच्या भरात बेनिंग्टनच्या आत्महत्येला भ्याडपणा म्हटलं आणि नंतर कबूल केलं, की एके काळी हे माझंही होऊ शकलं असतं. मागं राहिलेल्यांना राग येतोच, तुम्हालाही आला. पण 'पळपुटा' नका म्हणू. त्याच वर्षी एका रेडिओ मुलाखतीत, आपल्या डोक्यात आपण एकट्यानं थांबणं धोक्याचं आहे, हे त्यानं स्वतः सांगितलं होतं. पळणारा असं सांगत नाही.

आपण 'त्यानं जीव दिला' म्हणतो आणि 'त्याला जीव नकोसा झाला' असंही म्हणतो. दुसऱ्या वाक्यात तो काही करत नाही. ताप यावा तसं त्याला काहीतरी होतं. तुम्ही पहिलं वाक्य धरलंत, मुलानं दुसरं. नैराश्य कुणी स्वतः निवडत नाही, आणि एकदा आलं की निवडायची ताकदच पोखरतं. आपण नसलो तर घरचे सुटतील, असं त्या माणसाला मनापासून वाटायला लागतं. त्याला स्वार्थी कसं म्हणायचं?

तरी 'हातात काही नव्हतं' हेही मला पटत नाही. मी काही वर्षं रात्री हेल्पलाइनवर बसत असे. एक बाई पाऊण तास मरणाविषयीच बोलत होत्या. मधेच म्हणाल्या, "थांबा हं, दूध उतू चाललंय." गॅस बंद करून परत फोनवर आल्या. दूध सांभाळणारी ती बाई आणि मरायला निघालेली बाई एकच होती. आम्ही पहिलीशी बोलत राहिलो. उपचार तिच्याच जोरावर होतात.

बेनिंग्टनच्या पत्नीनं नंतर एक व्हिडिओ दाखवला होता. मृत्यूच्या जेमतेम दीड दिवस आधीचा. त्यात तो घरच्यांबरोबर खळखळून हसतोय. चेहऱ्यावरून कळत नाही, विचारावं लागतं. म्हणून आज मुलाकडे जा, तो शब्द मागं घ्या आणि सरळ विचारा, "तुला कधी मरावंसं वाटतं का?" विचारल्यानं ते डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. 'हो' म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. रात्र असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लावा. 'नाही' म्हणाला, तर लिंकिन पार्कचं त्याच्या आवडीचं गाणं लावायला सांगा आणि त्याच्याबरोबर शेवटपर्यंत ऐका.