सातव्या पायरीला दुप्पट

प्रश्न : बाई, मी मोबाइलवर ओल्ड स्कूल रूनस्केप खेळतो. कोणत्या लेव्हलला एकूण किती एक्सपी (अनुभवाचे गुण) लागतात ते वहीत उतरवून ठेवलंय : लेव्हल १ ला ०, २ ला ८३, ३ ला १७४, ४ ला २७६, ५ ला ३८८. फरकांचे फरक काढले तर ८, ११, १० आले. म्हणून फरक दर वेळी १० ने वाढतो असं धरून वर्गसूत्र मांडलं. आधी दोन-चार एक्सपीच इकडेतिकडे होतात, पण लेव्हल २० ला माझं उत्तर ३,२८७ येतं आणि गेममध्ये आहेत ४,४७०! कुठे चुकलं?
– अकरावीचा विद्यार्थी, सांगली

उत्तर : वही घातलीस, अर्धं काम तिथेच झालं. चुकलास एवढंच की चार आकड्यांवर विसंबलास. पुढचे फरक बघ : १२४, १३८, १५१, १६८. यांच्यातले फरक १४, १३, १७. दहाला चिकटून राहायला तयारच नाहीत. असं दिसलं की वजाबाकी बाजूला ठेवायची आणि भागाकार करून बघायचा. ९१ भागिले ८३ म्हणजे १.०९६, १०२ भागिले ९१ म्हणजे १.१२१, ११२ भागिले १०२ म्हणजे १.०९८. गुणोत्तर १.१० च्या आसपास घुटमळतंय, पण अपूर्णांक उडवल्यामुळे नीट बसत नाही. मग लांब उडी मारायची. लेव्हल १ ते २ : ८३. ८ ते ९ : १६८. १५ ते १६ : ३३५. २२ ते २३ : ६६७.

दर सात लेव्हलना दुप्पट! घरात मुदत ठेवीच्या गप्पा होतात तेव्हा ७२ चा नियम कानावर पडला असेल (७२ ला व्याजाच्या टक्क्यांनी भागलं की पैसे दुप्पट व्हायची वर्षं मिळतात) : साडेदहा टक्क्यांची चक्रवाढ असली की साधारण सात वर्षांत पैसे दुप्पट. इथेही तेच आहे. २ चं सातवं मूळ १.१०४, म्हणजे प्रत्येक लेव्हल आधीच्यापेक्षा सुमारे १०.४ टक्क्यांनी महाग.

सूत्र असं. लेव्हलला ‘ल’ म्हण. ल + ३०० × २^(ल/७) काढ, अपूर्णांक टाकून दे. १ पासून हव्या त्या लेव्हलच्या आधीपर्यंत हे आकडे मिळवत जा, बेरजेला ४ ने भाग, पुन्हा अपूर्णांक टाक. पहिले तीन आकडे ३३२, ३६७, ४०६.

आता गंमत ऐक. भाच्याने हा खेळ मला दाखवला तेव्हा माझी अख्खी दुपार एका एक्सपीपायी गेली. मी प्रत्येक आकड्याला लगेच ४ ने भागत होते : ८३, ९१, १०१. बेरीज २७५. गेममध्ये २७६! कागद दोनदा तपासला, भाच्यावर चुकीचे आकडे सांगितल्याचा आळही घेतला. खरी गोष्ट अशी की दूधवाल्याने रोजचे सुटे पैसे सोडले आणि महिन्याच्या शेवटी एकदाच सोडले, यात जो फरक पडतो तोच इथे पडतो. ३३२ + ३६७ + ४०६ = १,१०५. त्याला ४ ने भागलं की २७६.२५. आधी बेरीज, मग भागाकार. (भाच्याला आइस्क्रीम द्यावं लागलं.)

पडताळा हवा असेल तर लेव्हल १० काढून बघ, १,१५४ यायला हवेत. हिटपॉइंट्स, म्हणजे पात्राचा जीव मोजणारं कौशल्य, त्याची सुरुवातच लेव्हल १० पासून होते, त्यामुळे नव्या खेळाडूच्या खात्यातही हा आकडा दिसतो.

प्रश्न : लेव्हल ९२ म्हणजे ९९ चा निम्मा रस्ता, असं मित्र म्हणतो. फेकतोय ना?
– तोच विद्यार्थी

उत्तर : मुळीच नाही. ९२ ला ६५,१७,२५३ आणि ९९ ला १,३०,३४,४३१. निम्म्याहून जेमतेम ३८ जास्त. मध्ये लेव्हल किती, मोज : सात. लाकूडतोडीचं कौशल्य घे : साधं झाड तोडलं की २५ एक्सपी, म्हणून लेव्हल २ ला चार ओंडके पुरतात. यू झाडाच्या ओंडक्याला १७५ मिळतात, तरी ९२ पासून पुढे ३७,००० च्या वर ओंडके लागतील. बारावीचं वर्ष तोंडावर आहे, तेव्हा कुऱ्हाड जरा बेताने चालव.