पाहुणीची खुर्ची

“मुसलमान झाले, म्हणजे आता मलयच व्हायचे का?” क्वालालंपूरमध्ये समुपदेशन करताना हा प्रश्न मी, विशेषतः विवाहाच्या निमित्ताने इस्लाम स्वीकारलेल्या चिनी आणि भारतीय वंशाच्या स्त्रियांकडून, वारंवार ऐकते. प्रश्न निराधार नाही. मलेशियाच्या राज्यघटनेचे १६० वे कलम मलय व्यक्तीची व्याख्या इस्लाम धर्म, मलय भाषेचा नित्य वापर आणि मलय रूढींचे पालन यांवरून करते. बोलीत तर धर्मांतरालाच ‘मासुक मेलायू’, म्हणजे मलयांत शिरणे, म्हणतात.

अशीच एक चिनी तरुणी माझ्याकडे येत असे. “सासरी कुणी दुखावत नाही. केंदुरीच्या जेवणाला गेले की पंख्याखालची खुर्ची आणि सरबत मिळते. तासभर मी नुसती हसत बसते. इकडे आई म्हणते, तू आमची राहिली नाहीस.”

“नमाज शिकलात?”

“ते शिकवणारे पुष्कळ आहेत. त्या बायकांत बसायचे कसे, ते कोण शिकवणार?”

लग्नघरी पंगतीला येणारी आणि आदल्या दिवशी मागच्या अंगणात भाजी निवडायला बसणारी यांतला फरक आपल्याला ठाऊक असतो. मलय गावांतही लग्नाआधी शेजारीपाजारी जमून स्वयंपाक करतात; त्याला ‘रेवांग’ म्हणतात. मी तिला म्हटले, “पुढच्या वेळी आदल्या दिवशी जा आणि काम मागा.”

पुढच्या भेटीत ती दारातूनच म्हणाली, “मला ओरडा बसला!” रेंदांग या मांसाच्या मसालेदार पदार्थासाठी तिने कांदा जाड चिरला होता. एका मकचिकने, म्हणजे मावशीच्या वयाच्या बाईने, तिच्या हातातली सुरी घेऊन ‘निपिस, निपिस’, पातळ, पातळ, असे बजावत चिरून दाखवले होते. तिला हसू आवरत नव्हते, आणि खरे सांगायचे तर मलाही. पाहुणीला कोण रागावते? माणूस आधी हातांनी मिसळतो आणि मग मनाने, हे माझे जुने मत. त्या दिवशी ते मला पुन्हा पटले, आणि सल्ल्याचा थोडा अभिमानही वाटला.

म्हणून मी सांगते, की भाषा शिका, दोन्ही हातांनी हात स्पर्शून ते छातीशी नेण्याचा सलाम शिका, पण ही शेजाराची रीत आहे, धर्माची अट नव्हे. इस्लाम घराण्याचे नाव टाकायला सांगत नाही, आणि चिनी नववर्षाच्या आदल्या रात्री माहेरच्या जेवणाला जायलाही हरकत नाही. ताटात हलाल असले म्हणजे झाले.

त्या वर्षी तिच्या आईने नवी कढई आणली आणि इतर भांड्यांत मिसळू नये म्हणून कढईच्या कानाला लाल दोरा बांधून ठेवला.