पात्राच्या हाताला काम दे

प्रिय मुली,

तुझी यादी मिळाली. सिनेमालिकांवर बेतलेल्या गेम्समधली, मूळ सिनेमात नसलेली आणि तुला जीव की प्राण वाटणारी पात्रं. सोबत अंधेरीच्या गेम स्टुडिओच्या लेखन-चाचणीसाठी तू लिहिलेला खर्डाही वाचला. यादी मनापासून आवडली, कारण त्यातली निम्मी नावं माझ्याही यादीत आहेत. प्रत्येक नावापुढे तू लिहिलंयस की ते कुठून आलं, त्याच्यावर काय बेतलं, ते दिसतं कसं. आणि शेवटी निष्कर्ष काढलायस: सिनेमातल्या नायकाचं पुढे काय होणार हे आपल्याला आधीच ठाऊक असतं, नव्या पात्राचं नसतं, म्हणून त्याच्यात जीव अडकतो.

हे मला अर्धंच पटलं. तुझ्याच यादीतली अमांडा रिप्ली घे. १९८६च्या 'एलियन्स'च्या मोठ्या आवृत्तीत सिनेमाची नायिका एलन रिप्ली सत्तावन्न वर्षांच्या झोपेतून उठते आणि तिला कळतं की मुलगी सहासष्टाव्या वर्षी वारली. अकराव्या वाढदिवसाला परत येईन असं आईने तिला कबूल केलं होतं. सिनेमात अमांडा एवढीच आहे, एक नाव आणि एक फोटो. म्हणजे २०१४च्या 'एलियन: आयसोलेशन' या गेममध्ये ती आपल्या हाती येते तेव्हा ती म्हातारी होऊन मरणार, हे आपल्याला माहीत असतं. तरीही सेवास्तोपोल या अंतराळ स्थानकावरच्या लोखंडी कपाटात ती लपलेली असते, बाहेर ते परग्रहावरचं जनावर हुंगत उभं असतं, आपण बटण दाबून तिचा श्वास रोखून धरतो, आणि फार वेळ धरला तर तिचाच जीव कमी होऊ लागतो. त्या क्षणी सहासष्ट हा आकडा कुणाला आठवतो? भीती भविष्यातून आलेली नसते, ती आपल्या बोटांत असते. अमांडा इंजिनिअर आहे, पाइप आणि तारा जोडून कामचलाऊ वस्तू बनवते, वाकून चालते, थांबते, ऐकते. तिच्याविषयी मला जे कळलं ते या कामांतून कळलं.

म्हणून माझा पहिला सल्ला असा: यादी पुन्हा लिही आणि या खेपेला नावापुढे फक्त क्रियापदं लिही. ते पात्र काय करतं, आणि खेळणाऱ्याला काय करायला लावतं.

क्रेयापासून सुरुवात कर, कारण तिच्यापुढे तू 'गूढ गुरू' एवढंच लिहून सोडलंयस आणि तिच्यावर तर वहीभर लिहिता येईल. 'स्टार वॉर्स'च्या जगातला २००४चा गेम, 'नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक २'. नार शाड्डा नावाच्या जागी एक भिकारी तुझ्याकडे पैसे मागतो. तू चांगली मुलगी, तू देतेस. क्रेया लगेच तुला दाखवते की त्याच पैशांपायी त्याला दुसऱ्या कुणीतरी गाठून त्याच्यावर हल्ला केला. मग तू आधी जतन केलेल्या जागेवरून खेळ पुन्हा उघडतेस आणि या वेळी त्याला हाकलून देतेस. आता तोच भिकारी दुसऱ्या कुणाच्या अंगावर धावून जातो, आणि क्रेया पुन्हा बोलते. तिला तुझं दान आवडत नाही आणि तुझा निर्दयपणाही आवडत नाही. ती विचारते, तू हे का केलंस? हा प्रश्न नायकाला विचारलेला नाही, बटण दाबणाऱ्या तुला विचारलाय. मी त्या बाईवर खरोखर रागावले होते, आणि पुढच्या प्रत्येक गावात काही करण्याआधी ती काय म्हणेल याचा विचार करू लागले. एखादं पात्र खेळणाऱ्याच्या निर्णयात असं शिरतं तेव्हा त्याला चेहरेपट्टीची गरज उरत नाही.

आणखी एक. 'स्टार वॉर्स'च्या सिनेमांत सगळे जण त्या 'फोर्स'ला, विश्वात भरून राहिलेल्या शक्तीला मानतात, कुणी उजेडाच्या बाजूने, कुणी अंधाराच्या. क्रेयाचं भांडण थेट फोर्सशीच आहे. माणसांची आयुष्यं परस्पर वळवण्याचा हक्क याला दिला कुणी, असं तिचं म्हणणं. मूळ सिनेमात न विचारला गेलेला प्रश्न विचारायलाच ती आली आहे. आपल्याकडे ही रीत जुनी आहे. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींबरोबर भागवतात मावशी नाही. ती तमाशातल्या गवळणीत आली, आणि प्रत्यक्ष देव वाट अडवून उभा असताना त्याच्याशी हुज्जत घालू लागली. तिने कृष्णाला लहान केलं नाही, पण लोक तिची वाट बघत बसत. दुसऱ्याच्या जगात पात्र लिहिताना तुझा हात आखडतो असं तू लिहिलंयस, म्हणून मावशीची आठवण करून दिली.

बीडी-१ या छोट्या रोबोबद्दल तू 'गोड' लिहिलंयस. गोड आहेच. त्याचे आवाज बेन बर्ट यांनी केलेत, म्हणजे ज्यांनी १९७७च्या 'स्टार वॉर्स'मधल्या आरटू-डीटू या रोबोला आवाज दिला त्यांनीच. पण २०१९च्या 'जेडाय: फॉलन ऑर्डर'मध्ये तो काय करतो बघ. नायक कॅलच्या पाठीवर बसतो, अंधारात दिवा धरतो, नकाशा दाखवतो, मेलेल्या यंत्रांची तपासणी करतो. आणि लढाईत आपण मरायला टेकलो की बटण दाबायचं, तो औषधाची कुपी फेकतो. दर वेळी आपला जीव त्याच्या हातून परत मिळतो. त्याचं एकही वाक्य आपल्याला समजत नाही, तरी खेळ संपेपर्यंत त्याच्याइतकं जवळचं कुणी राहत नाही.

त्याच गेममधली मेरिन मलाही फार आवडते. डॅथोमिर ग्रहावर तिच्या माणसांचं हत्याकांड झालेलं, ती आधी आपल्यावर मेलेल्यांना उठवून सोडते आणि नंतर आपल्याच जहाजात येऊन बसते. ते पटतं, कारण आधी आपण तिने सोडलेल्यांशी लढलेलो असतो.

आयडन व्हर्सिओशी माझं तेवढं जमलं नाही. २०१७च्या 'स्टार वॉर्स: बॅटलफ्रंट २'मध्ये खलनायकी साम्राज्याच्या बाजूची सैनिक आपली नायिका होते, ही कल्पना फार मोठी होती. जनिना गावणकर यांनी ती जीव ओतून केली आहे, आणि त्यांचे वडील मूळचे मुंबईचे म्हणून मला त्याचा अभिमानही आहे. पण आपलाच ग्रह आपल्याच सैन्याकडून उद्ध्वस्त होताना बघून ती बाजू बदलते ते फार लवकर. साम्राज्यावर तिची श्रद्धा आहे हे आपण ऐकतो, पण त्या श्रद्धेपोटी आपल्या हातून पुरेसं काही घडलेलंच नसतं. मग ती तुटताना दुखणार कसं?

एचके-४७साठी एकच सांगते. प्रत्येक वाक्याआधी 'विधान', 'प्रश्न' असं जाहीर करून बोलणारा तो मारेकरी रोबो मोठ्याने वाच. नाव झाकलं तरी वाक्य त्याचंच आहे हे कळतं. तुझ्या खर्ड्यातल्या चौघांची नावं झाकून बघ. चौघंही एकच मराठी बोलतात, तुझ्या कॉलेजची. मुंबईत राहून असं करू नकोस. लालबागची मालवणी ऐक, वर्सोव्याच्या कोळणी भाव करताना वाक्य कुठे तोडतात ते ऐक. गेममध्ये साथीदाराची छोटी वाक्यं पुन्हा पुन्हा कानावर पडतात, त्यामुळे त्यांत विनोद कमी ठेव आणि लय जास्त. पहिल्यांदा हसवणारं वाक्य वीस वेळा ऐकलं की खेळणारा आवाज बंद करतो.

आता तुझ्या खर्ड्यातली मुलगी. ती नायकाची हरवलेली बहीण आहे, हे आजच्या आज काढून टाक. नात्याच्या आधाराने उभं राहिलेलं पात्र नायक खोलीतून गेला की बसून जातं. पण ती जुनी जहाजं तोडते, गॅस कटर चालवते, हे सोनं आहे. कॅल केस्टिसही ब्रॅका ग्रहावर हेच काम करत लपलेला असतो. तुझ्याकडे मात्र त्या गेमच्या लेखकांकडे नसलेली एक गोष्ट आहे: रे रोड स्टेशनला उतरून चालत जाता येईल असा दारूखाना. जहाजं तोडणारी माणसं तिथे आहेत. जा, परवानगी घेऊन उभी राहा. पत्र्यावर पाऊल टाकण्याआधी माणूस काय तपासतो, ठिणग्या उडताना मान कुठे वळवतो, आवाजात एकमेकांना खुणा कशा करतो, ते लिहून आण. फोटो कमी काढ.

मग दुसरा खर्डा लिही. त्यात तिचं बालपण नको, आई-वडील नकोत. एक बंद दार, तिच्या हातात कटर, गॅस संपत आलेला आणि पलीकडे कुणीतरी ठोठावतंय. खेळणाऱ्याच्या हाती कोणतं बटण देतेस आणि ते दाबल्यावर ती काय बोलते, एवढं दोन पानांत बसव. चाचणीच्या आधीच्या रविवारी संध्याकाळी घरी ये, मोठ्याने वाचू.

तुझी,
ताई