किल्ली शेजारी, कडी आतून

प्रश्न : मावशी, नमस्कार. मी बेंगळुरूला नोकरीला, भाऊ कॅनडात, आणि आई ७८ वर्षांची, बडोद्याला दांडिया बाजारात जुन्या वाड्यात पहिल्या मजल्यावर एकटी राहते. मे महिन्यात बाथरूममध्ये पडली, हाड मोडलं नाही पण आमची झोप उडाली. भाऊ म्हणतो तुझ्याकडे घेऊन जा, नाहीतर चांगला वृद्धाश्रम बघ. आई म्हणते मी उंबरा सोडून कुठे जाणार नाही. दोन बायका लावून दिल्या, दोघींना तिने पंधरा दिवसांत घालवलं. घरातच राहून मदत मिळेल असं बडोद्यात काय आहे? – एक लेक

उत्तर : अगं, त्या दोन बायका ठरवल्या कुणी? तू ना, फोनवरून? मग त्या टिकणारच नव्हत्या, कारण त्या तुझ्या काळजीसाठी आल्या होत्या, तिच्या कामासाठी नाही. पुढच्या वेळी आलीस की तिला एवढंच विचार, आई तुला कुठल्या कामाचा सगळ्यात कंटाळा येतो. नव्वद टक्के उत्तर येईल जिना. दूध, भाजी, औषधं, सगळं जिना उतरून चढून. मग माणूस फक्त तेवढ्याच कामाला लावायचा, रोज अर्धा तास, आणि पगार आईच्या हातून द्यायचा, तुझ्या फोनवरून ट्रान्स्फर करायचा नाही. पगार जो देतो त्याचंच ऐकलं जातं, हे आपल्या सगळ्यांच्या घरात बघितलेलं आहे.

पण बाईच्या आधी बाथरूम बघ. आपल्याकडे अजून कितीतरी घरांत अंघोळीला तो बुटका पाट असतो, बसताना काही वाटत नाही, उठताना ओल्या लादीवर तोल जातो. पाट काढ, उंच स्टूल ठेव, रबराचे पाय असलेलं. कमोडजवळ आणि स्टूलजवळ भिंतीत ड्रिल करून स्टीलचे दांडे बसवून घे, ते चिकटवायचे हँडल घेऊ नकोस, ऐन वेळी हातात येतात. रात्री पलंगापासून बाथरूमपर्यंत छोटा दिवा चालू राहू दे. आणि ती कशामुळे पडली, हे डॉक्टरला विचारलंस का? बीपीच्या किंवा झोपेच्या गोळीने उठल्यावर चक्कर येते कित्येकांना, तिच्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून घेऊन जा आणि त्यांच्यासमोर ठेव. चष्म्याचा नंबरही बघून घे.

आता किल्लीचं. शेजारी किल्ली दिली आहे असं सगळे अभिमानाने सांगतात, आणि रात्री आई आतून कडी घालते. मग ती किल्ली काय लोणचं घालायला? दोन वर्षांपूर्वी आमच्याच गल्लीत एक काकू रात्रभर पडून होत्या, शेजाऱ्याच्या हातात किल्ली आणि दार काही उघडेना, शेवटी सकाळी सुतार आणून बिजागऱ्या काढल्या. त्यामुळे बाहेरून किल्लीने उघडेल असं नाईट लॅच बसव आणि वरची कडी तिच्यासमोरच काढून टाक, न विचारता काढलीस तर दुसऱ्या दिवशी परत बसवेल. बाथरूमला तर आतून कडी लावायचीच नाही, एकटीच आहे, कुणापासून लपायचंय.

बाहेरची मदत म्हणशील तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा एल्डरलाईन नंबर आहे, फुकट लागतो, सकाळी आठ ते रात्री आठ. माहिती देतात, पेन्शनचं अडलं तर मार्ग सांगतात, घरात कुणी त्रास देत असेल तर लक्ष घालतात. रात्री काही झालं तर हा नाही, १०८. दोन्ही नंबर मोठ्या अक्षरात फोनपाशी चिकटव. ७० च्या पुढच्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंत हॉस्पिटलचा खर्च, आधार लागतं. मात्र ते अॅडमिट झाल्यावरचं आहे, घरी ठेवलेल्या आयाचा पगार त्यातून निघत नाही, एजंट काहीही सांगोत. पेन्शनसाठी नोव्हेंबरात जो हयातीचा दाखला लागतो तो पोस्टमन घरी येऊन करून देतो, ७० रुपये घेतो, किंवा तू दिवाळीला येतेसच तर तुझ्या मोबाईलवर तिचा चेहरा दाखवूनही होतो, तारीख मात्र बघून घे. बँकाही ७० च्या वरच्यांना घरपोच सेवा देतात, कॅश, चेकबुक वगैरे, आधी रजिस्टर करावं लागतं, ब्रँचमध्ये जाऊन नाव घाल आणि चार्ज विचारून घे.

टिफिनचा विचार करत असशील तर आधी आठ दिवस ट्रायल. इथल्या बऱ्याच डब्यांत डाळ गोड असते आणि आमच्या पिढीतल्या मराठी बायका दोन पिढ्या बडोद्यात काढूनही त्या डाळीला नावं ठेवतात (मी धरून). पोळीभाजी करून देणाऱ्या मराठी बायका आपल्या भागात आहेत, विचारलं की कळतं.

एक गोष्ट मात्र भीड न धरता सांगते. आई गॅस चालू ठेवून विसरायला लागली, एकच गोळी दोनदा घेतली, रोजच्या रस्त्यावर चुकली, तर एकटं राहणं थांबवायचं. आपल्याकडे पाईपचा गॅस, सिलिंडर संपून आपोआप विझेल असंही नाही. तोवर तिला सूरसागर तलावाच्या फेऱ्या मारू दे आणि तू रोज ठरलेल्या वेळी फोन कर, "औषध घेतलंस का" याने सुरुवात न करता.

प्रश्न : वय ८१, मांजलपूरला स्वतःचं घर. मुलगा म्हणतो घर आत्ताच नावावर करून द्या, नंतर कटकट नको. करू का? – एक वाचक, निवृत्त शिक्षक

उत्तर : गुरुजी, कटकट कुणाची, तुमची का त्याची? विल करा. दोन साक्षीदार, हवं तर रजिस्टर, आणि मन बदललं तर विलही बदलता येतं. बक्षीसपत्र एकदा झालं की घर त्याचं. तरीही द्यायचंच असेल तर "मला शेवटपर्यंत याच घरात राहू देईल आणि सांभाळेल" ही अट कागदावर लिहून घ्या, कारण २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम २३ आहे, अट पाळली नाही तर ट्रिब्युनलकडे जाऊन बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं, आणि अट लिहिलेली नसेल तर तिथेच वाद होतो. वकील तुमचा असू दे, मुलाने आणलेला नको. मुलगा वाईट आहे असं मी म्हणत नाहीये.

प्रश्न : आमच्या समोर एक आजी एकट्या असतात. आम्ही विचारपूस करायला जातो तर त्यांना वाटतं आम्ही चौकशा करतोय. – कारेलीबागहून

उत्तर : मग विचारपूस बंद करा आणि काम सांगायला जा. आमचं कुरिअर घेऊन ठेवाल का, मुलगी शाळेतून आली की अर्धा तास तुमच्याकडे बसेल का, आमची किल्ली ठेवाल का. तुमची किल्ली त्यांच्याकडे राहिली की महिन्याभरात त्यांची तुमच्याकडे येईल, मागावी लागणार नाही. आणि पहिल्यांदा जाताना हातात वाटीभर काहीतरी असू द्या, म्हणजे वाटी परत द्यायला त्या स्वतःच येतील.